सुंदररावांनी सोडलेली जागा

चौसाळ्याचे सुंदरराव गणितात एम. ए. होऊन पुण्याहून परत आले, तेव्हा गावात त्याचा अर्थ कुणाला फारसा कळला नाही. आप्पांना, म्हणजे त्यांच्या वडिलांना, एवढंच कळलं की पोरगा शिकला आणि आता तालुकदाराच्या कचेरीत त्याला बरी खुर्ची मिळायला हरकत नाही. आप्पा मोठे जमीनदार. आसपासच्या गावांचे तंटे त्यांच्या ओसरीवर मिटायचे. त्यांनी शब्द टाकला असता तर खुर्ची मिळालीही असती. पण पुण्याच्या एका प्राध्यापकांनी सुंदररावांना दुर्बिणीतून शनी दाखवला होता, आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही गोड लागत नव्हतं. त्यातही धूमकेतू. कुठून येतो, कसा वळतो, पुन्हा कधी दिसेल, हे कागदावर मांडायचं त्यांना वेडच लागलं होतं.

निजाम सरकारनं हैदराबादला नवं विद्यापीठ काढलं होतं ते हेच दिवस. तिथली वेधशाळाही विद्यापीठाकडे आली होती आणि तिला तरुण माणसं हवी होती. रात्री दुर्बिणीवर काम करायचं, दिवसा संशोधन, आणि आठवड्यातून काही तास कॉलेजच्या मुलांना खगोलगणित शिकवायचं, तेही उर्दूतून. बीडच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, अलिफ-बेपासून शिकलेल्या सुंदररावांना उर्दूचा काय बाऊ? त्यांनी अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं.

आप्पांनी अडवलं नाही, पण जाताना विचारलं, "रातभर चांदण्या बघायच्या आन दिवसा पोरायला सांगायच्या, ह्याचा पगार देतंय व्हय सरकार?"

घरच्या बैलांच्या दमणीनं जालना गाठून सुंदरराव रेल्वेत बसले. सेलूला एक किडमिडा तरुण डब्यात चढला. खांद्यावर घोंगडी, हातात पुस्तकांचं गाठोडं. बोलता बोलता कळलं की तोही त्याच जागेसाठी निघालाय. नाव रामकिसन, माजलगावकडचा. वडील सटवा मेंढरं राखायचे. कुण्या परोपकारी वकिलाच्या आधारानं रामकिसन हैदराबादेत बी. ए. झाला होता, तोही दुसऱ्या वर्गात. सुंदररावांचा एम. ए. ऐकून त्यानं मोकळेपणानं सांगून टाकलं की मग आपलं काही खरं नाही, पण तिकीट काढलंय तर जाऊन येतो. दोघांनी एकाच धर्मशाळेत पथारी टाकली.

मुलाखत घेणारे प्रोफेसरसाहेब वयस्क हैदराबादी गृहस्थ होते. सुंदररावांनी त्यांच्या प्रश्नांना अशी उत्तरं दिली की साहेब मध्येच खुर्ची पुढे ओढून ऐकू लागले. रामकिसन दोनदा अडखळला, एकदा सरळ "येत नाही" म्हणाला. मग साहेबांनी दोघांना आतल्या खोलीत नेलं. तिथं आकाशाच्या फोटोंच्या काचा उभ्या लावलेल्या होत्या. प्रत्येक काचेवर काळ्या ठिपक्यांची रास, एकेक ठिपका म्हणजे एकेक तारा. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून प्रत्येक ठिपक्याची जागा मोजायची, उतरवून घ्यायची, पुढची काच घ्यायची. जगातल्या कितीतरी वेधशाळांनी आकाश वाटून घेतलं होतं आणि एक पट्टा हैदराबादच्या वाट्याला आला होता.

साहेब सुंदररावांना म्हणाले की जागा तुमची. पहिली दोन-तीन वर्षं मोजणी आणि शिकवणी, त्यानंतर धूमकेतूंचं बघू.

सुंदररावांचा चेहरा उतरला. पुण्यात पहिला आलेला माणूस, आणि इथं ठिपके मोजायचे! ते म्हणाले, "साहेब, मी संशोधन करायला आलो आहे. मोजायला एखादा कारकून ठेवता येईल."

साहेब रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "मियाँ, यहाँ सब गिनते हैं। मैं भी।" आणि सकाळपर्यंत विचार करायला सांगितलं.

संध्याकाळी मुसी नदीच्या काठानं फिरताना रामकिसननं त्यांची समजूत घालायचा पुष्कळ प्रयत्न केला. खरं तर त्यांनी नाही म्हटलं तर जागा त्यालाच मिळणार होती, तरी तो घालत होता. म्हणाला, "दोन-तीन वर्सं काय जड हायेत? तुमच्यासारख्याला मग कोण अडवतंय? घ्या ती जागा." सुंदररावांना त्याची थोडी कीवच आली. एवढ्यावर समाधान मानणाऱ्या माणसाला आपली भूक काय कळणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी हसून विषय बदलला. मोठी जागा निघाली की हेच लोक आपल्याला बोलावतील, अशी त्यांची खात्री होती. सकाळी जाऊन त्यांनी नकार कळवला आणि परतीची गाडी धरली.

जागा रामकिसनला मिळाली.

सुंदररावांना कुणी बोलावलं नाही. वर्षभर वाट पाहून ते बीडच्या मदरशात गणिताचे मास्तर झाले. आष्टीच्या शिवकन्याशी लग्न झालं, बीडमध्ये बिऱ्हाड थाटलं, मुलं झाली. शिकवायचे छान. पण शाळा सुटली की धूमकेतूंची आकडेमोड घेऊन बसायचे आणि बसल्या बसल्या अडायचे. वेध जुने, पुस्तकं जुनी, विचारावं असं आसपास कुणी नाही. एका धूमकेतूच्या कक्षेवर त्यांनी लांबलचक लेख लिहून कलकत्त्याला पाठवला. तो परत आला. ते काम नव्या वेधांवरून आधीच कुणीतरी केलं होतं. शिवकन्यानं तो लेख कापडात गुंडाळून फडताळात ठेवून दिला, आणि त्यांनी तो पुन्हा मागितला नाही.

अशी बरीच वर्षं गेली आणि वेधशाळेत पुन्हा एक जागा निघाली. वयाची अट तिशीच्या आतली. सुंदररावांनी ती कधीच ओलांडली होती, तरी अर्ज केला. कुणी सांगावं, जुनी ओळख लक्षात असेल. अर्ज करणाऱ्या सगळ्यांनाच बोलावणं गेलं होतं, तसं त्यांनाही आलं. पहाटेच्या मोटारीनं जालना, तिथून तीच गाडी.

ते दारातून आत गेले, तसा टेबलापलीकडच्या तिघांपैकी एक जण उठून उभा राहिला. शेरवानी, चष्मा, कपाळावर टक्कल. रामकिसन. बाकीचे दोघे चकित होऊन त्याच्याकडे बघू लागले. सुंदररावांना कुठं बघावं कळेना. बाहेर बाकावर बसलेली पोरं कालपरवा परीक्षा पास झालेली, त्यांच्यात आपणच एक पिकल्या मिशीचे, हे त्यांना तेव्हा कुठं लख्ख दिसलं.

रामकिसननं त्यांची बाजू लावून धरली. पण नियम मोडता येणार नव्हता, आणि ते सुंदररावांनाही कळत होतं.

मुलाखती संपल्यावर रामकिसन त्यांना त्याच आतल्या खोलीत घेऊन गेला. एक काच यंत्रावर चढवून म्हणाला, "बघा तर खरं." त्या दिवशी त्या खोलीत उभं राहून सुंदररावांनी नाक मुरडलं होतं, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा काही लावला नव्हता. आता लावला. बारीक रेघांच्या जाळीत काळे ठिपके, काही मोहरीएवढे, काही नुसता धूर. रामकिसननं तोच तुकडा दाखवणारी दुसरी काच लावली, कितीतरी वर्षांनंतर काढलेली. एक ठिपका किंचित सरकलेला होता. तारा चालत होता. मग त्यानं आणखी एक काच काढली. तिच्यात ताऱ्यांच्या मधोमध एक पुसटसा फराटा होता.

"हा धूमकेतू," रामकिसन हळूच म्हणाला. "हा कुठं हाय ते शेजारच्या ताऱ्यांवरूनच कळतं. शेजारी नीट मोजलेले नसतील, तर ह्याची कक्षा कशावरून मांडायची?"

सुंदररावांचा कलकत्त्याहून परत आलेला लेख कुठं लंगडा पडला होता, ते त्यांना त्या घटकेला कळलं. त्यांनी मोजू का म्हणून विचारलं. रामकिसननं खुर्ची पुढे केली. दुपारभर ते ठिपके मोजत बसले. सुरुवातीला चुकले, मग हात बसला. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढेपर्यंत त्यांना तहानसुद्धा लागली नाही. शिपाई दारं लावायला आला, तेव्हा ते उठले.

स्टेशनावर पोचवायला रामकिसन आला होता. गाडीला वेळ होता. सुंदररावांनी विचारलं, "तुम्हाला कधी कंटाळा नाही आला?"

"लई आला," रामकिसन म्हणाला. "सुरुवातीला तर रोज तुमची याद यायची. वाटायचं, तुमीच शहाणे निघालात. दोनदा इस्तिफा लिवला आन फाडला. साहेब असेतोवर असंच चाललं. ते गेल्यावर त्यांच्या खुर्चीत बसून मोजायला लागलो, तवा कुठं मन लागलं."

मग त्यानं सांगितलं, बीडकडं कुणी हुशार पोरगा असला तर कळवा. नवी माणसं मिळत नाहीत. चार दिवस टिकतात आणि पळतात. सुंदररावांनी मान डोलावली. पोरांना काय सांगायचं, ते त्यांना आता ठाऊक होतं. पण ते एखाद्या विशीतल्या पोराला पटेल, असं काही त्यांना वाटेना. त्यांना स्वतःला कुठं पटलं होतं?

ते घरी पोचले तेव्हा शिवकन्या जोंधळे पाखडत होती. जागेचं काही तिनं विचारलं नाही. चेहऱ्यावरून कळलंच असावं. पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणाली, "दुर्बिणीतून बघितलं का काही?"

"नाही. दिवसा गेलो होतो. काचेवरचे ठिपके बघितले."

"ठिपके?"

सुंदररावांनी सुपातले चार दाणे जमिनीवर मांडले आणि एकेकामधलं अंतर बोटानं मोजून दाखवू लागले. ती सूप बाजूला ठेवून बघू लागली. मग बाहेरून दूधवाल्यानं हाक मारली, आणि ती उठून गेली.