फरहीनचे सुरुंग

अजीजनं आणि मी कर्जत तालुक्यात विहिरी खणल्या. पहार, घण, मग सुरुंग. त्याची मुलगी फरहीन नगरला एका छोट्या स्टुडिओत सिनेमाच्या आवाजाचं काम करते. तिला एका जागी निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवतानाही एक पाय हलत असतो.

सुरुंगांनी अजीजचे कान गेले. बोलायचं तर कानाशी वाकून मोठ्यानं बोलावं लागतं. जड आवाज मात्र त्याला येतो, थोडा कानांनी, थोडा तळपायांनी. मुलीचं काम त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं. यंदा तिला विहीर खणणाऱ्या टोळीवरच्या लघुपटाचं काम मिळालं. हे अब्बांना ऐकू आलंच पाहिजे, असं तिनं मनाशी धरलं.

कामाची रीत तिनं मला समजावली होती. समोर तीन स्पीकर, बाजूंना दोन. शिवाय फक्त खोल, जड आवाजासाठी एक वेगळी वाट. ती जाते जमिनीवरच्या मोठ्या खोक्याला, सबवूफरला. फरहीननं सुरुंगांचा सगळा दणका त्या वाटेवर टाकला. समोर फक्त दगड तडकल्याचा आवाज ठेवला, म्हणजे माणसांचं बोलणं दबत नाही. स्टुडिओची फरशी थरथरली. तरी तिला चैन नव्हतं. दणका वाढव, कमी कर, खोक्यावर पंजा ठेवून बघ, असं कितीतरी दिवस चाललं.

पुण्याच्या थिएटरात लावण्याआधी लघुपट कर्जतला, टोळीतल्या माणसांसाठी, एका मंगल कार्यालयात दाखवला. तिथे दोनच स्पीकर. अजीज चपला काढून, पाय फरशीला टेकवून पुढच्या रांगेत बसला. मी शेजारी. फरहीन भिंतीकडेनं येरझारा घालत होती.

पडद्यावर खडकातल्या भोकांत दारू भरून बत्ती दिली. माणसं पळाली. धूळ उडाली. नुसती तडतड झाली, दणका नाही. तडतड अजीजच्या कानांना येत नाही. लगेच एक गडी दोर धरून विहिरीत उतरू लागला.

आमच्यात नियम असा, की जितकी भोकं भरली तितके आवाज मोजायचे. एक जरी कमी आला तर विहिरीत कुणी उतरायचं नाही. न फुटलेला सुरुंग खाली वाट बघत असतो. आमच्या टोळीतला अजिनाथ त्यातच गेला.

अजीज उठून पडद्यापुढे गेला. दोन्ही हात आडवे धरले.

"उतरू नका. एकबी फुटला न्हाई."

मागे लोक हसले. चाचा, पिच्चर हाय, बसा खाली, असं कुणी म्हणालं. ते त्याला कुठलं ऐकू येणार. मी धरून त्याला जागेवर आणलं. फरहीनच्या येरझारा थांबल्या होत्या.

सहा वाटांचा आवाज दोन स्पीकरांत बसवताना यंत्र ती जड आवाजाची वाट बहुधा गाळूनच टाकतं. तिला हे ठाऊक होतं.

"दोन स्पीकरांवर लावून बघायला हवं होतं, काका," ती म्हणाली. "त्या वाटेवर नुसती वरची जोड, थोडा जादा दणका द्यायचा असतो. मी सगळा भारच तिथं दिला."

बांधकाम चुकलं तर उकलावं लागतं. तिनं उकललं. दणका समोरच्या स्पीकरांत आणला, बोलण्यापुरती जागा राखून. वेगळ्या वाटेवर जोड तेवढी ठेवली. सबवूफर बंद करून ऐकलं. बदललं. पुन्हा ऐकलं.

मग दोन चांगले दणकट स्पीकर घेऊन ती एसटीनं घरी आली. ते फरशीवर मांडले. अजीज खाटेवर बसला, तळपाय खाली टेकवून. लॅपटॉपवर बत्ती दिली. दणके येऊ लागले तशी त्याच्या हाताची बोटं एकेक मिटत गेली. गडी दोराला लागला.

"आता उतरू दे त्याला," अजीज म्हणाला.

फरहीन खाटेच्या कडेला टेकली. क्षणभरच. मग त्याच्या कानाशी वाकली. "अब्बा, शेवटचा दणका हलका वाटला का?"

अजीजनं मिटलेल्या बोटांकडे पाहिलं.

"जरासा."

ती उठून वायरी गुंडाळू लागली.