कोळंबीचा पंजा

परवा दिवाळीत माहेरी आसेगावला भाच्याने अंगणात दगडाने टिकली फोडली आणि त्या जळक्या वासासरशी मी थेट शाळेच्या स्टेजवर जाऊन उभी राहिले.

सरांनी समुद्रावर नाटक बसवलं होतं. समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. माझा आडदांड चुलतभाऊ गजू झाला शार्क आणि वर्गात सगळ्यांत बुटकी म्हणून मी झाले कोळंबी. सर म्हणाले, "एका जातीची ही बोटाएवढी कोळंबी पंजा असा मिटते, की नुसत्या दणक्याने मासा गार होतो."

गजू खिदळला. "ए टिल्ली, तुले तं मी काखोटीले मारून साऱ्या गावासमोर उचलून नेतो!"

आणि तो नेणारच होता.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तो जबडा वासून माझ्याकडे आला. लोक आधीच हसत होते. माझ्या पुठ्ठ्याच्या पंज्यात दोन चपटे दगड होते आणि मधे टिकल्यांची जाड घडी. मी पंजा मिटला. धाड! धूर उठला आणि शार्क "अवं माय वं!" करत पहिल्या रांगेतल्या सरपंचांच्या मांडीवर जाऊन पडला. टाळ्या थांबेचनात.

खरी कोळंबी शार्कच्या वाटेला जात नाही, हे पुढे कळलं. बिचारीला टिकल्या कुठे मिळतात!

परवा गजू शेजारीच चहा पीत होता. आवाजासरशी अर्धा कप नव्या शर्टावर सांडला. "कोणं फोडली बे?" तो गरजला.

मी नुसती दोन बोटं वर करून मिटली. शार्कने निमूटपणे खुर्ची मागे घेतली.