नारायणगुड्याची बस

"तुमी नावं घ्या, म्या मान हलविते."

बसमध्ये चढलं की काकू पदराचं टोक दातात धरायच्या आणि कंडक्टरला एवढंच सांगायच्या. तुम्ही म्हणाल, तिकीट काढायची ही कोणती रीत? तर काकूंना जायचं असे नारायणगुड्याला, आणि काकांचं नाव नारायण. नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, ही गोष्ट काकूंच्या मनात लहानपणापासून पक्की बसलेली. त्यातून काका आजारी. मग कंडक्टरनं काय करायचं ते त्याचं त्यानं बघावं.

निजामाच्या राज्यातले ते दिवस. हैदराबादेत बसगाड्या नुकत्याच फिरू लागल्या होत्या. मी शालीबंड्यात बिऱ्हाड करून एका कापडाच्या पेढीवर कारकुनी करत होतो. काका-काकू आमचे केजचे शेजारी. काकांच्या पोटात गाठ झाली आणि तिथल्या वैद्यानं हात टेकले, तेव्हा काकूंनी त्यांना बैलगाडीत निजवलं, परळीला रेल्वे गाठली आणि थेट आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बापू, मोठा डाक्टर कुठं हाय तेवढं सांग. बाकीचं माझं मी बघते."

डॉक्टर निघाला नारायणगुड्याचा. त्यानं काकांना दवाखान्यात ठेवून घेतलं. काकू आमच्याकडे राहून रोज शहराच्या या टोकाहून त्या टोकाला भाकरी नेऊ लागल्या. दवाखान्यातला भात काका तोंडात धरत नव्हते. ज्वारीशिवायचं जेवण ते जेवणच नाही, असं त्यांचं मत, आणि दुखण्यातही ते बदललं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. तिकिटासाठी तोंड उघडणार, तोच काकूंनी मला दटावलं, "तू गप बस. उद्या तू असनार हायेस का?"

"किधर जाना अम्मा?" कंडक्टरनं विचारलं.

"तुमी नावं घ्या, म्या मान हलविते."

बिचारा गोंधळला. मग शेजारच्या एका म्हाताऱ्यानं त्याला दखनीत सगळा मामला समजावला. कंडक्टर हसला आणि एकेक नाव घेऊ लागला. अफजलगंज? काकूंनी मान हलवली, नाही. सुलतान बाजार? नाही. एव्हाना सगळी बस कामाला लागली होती. जो तो आपल्याला ठाऊक असलेला मोहल्ला ओरडून सांगत होता. मागून एका चावट माणसानं "दिल्ली?" म्हणून विचारलं, तर काकूंनी त्यालाही गंभीरपणे नाही म्हटलं. शेवटी कोणीतरी म्हणालं, "नारायणगुडा?" काकूंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि मान खाली घातली. पन्नाशीची बाई, पण नव्या नवरीसारखी लाजली. सगळी बस खूश झाली.

पुढं त्या रस्त्याचे कंडक्टर त्यांना ओळखू लागले. "अम्मा, वहीच ना?" "हौ, वहीच." दखनी काकू तेवढीच शिकल्या आणि तेवढी त्यांना पुरली.

मी एकदा म्हटलं, "काकू, एक चिठ्ठी लिहून देतो. ती दाखवत जा."

"कावून? मी काय मुकी हाय का?"

मला त्यांचा हट्ट पटत नव्हता, पण त्या बाईपुढं वाद घालायला बसलं की आपलीच फजिती व्हायची.

मग काकांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस पोटात पाण्याशिवाय काही जाऊ दिलं नाही. नंतर ते काकूंना म्हणाले, "उद्या दुपारी पातळ आंबील आणा. ती पोटात ठरली, तर माणूस तुमचा."

नेमका दुसऱ्या दिवशी मोहरमचा जुलूस होता. चारमिनारच्या बाजूला मुंगीला वाट नव्हती. मी पेढीवर गेलो होतो. काकू आंबिलीचं भांडं वाकळेच्या तुकड्यात गुंडाळून एकट्याच निघाल्या. कशीबशी एक बस मिळाली, पण तिचा कंडक्टर नवा होता आणि दारात माणसं लोंबकळत होती. काकूंनी आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. त्याला कुठला वेळ?

"नाम बोलो अम्मा, नै तो उतरो!"

काकू उतरल्या.

उन्हातून, गर्दीतून, भांडं छातीशी धरून त्या चालत निघाल्या. वाट कोणाला विचारायची, तर तेच नाव आडवं येणार. म्हणून बस ज्या रस्त्यानं जायची तोच रस्ता धरला, खिडकीतून रोज बघितलेली दुकानं नि कमानी ओळखत पूल ओलांडला. दवाखान्यात पोचल्या तेव्हा दुपार उलटून गेली होती. डॉक्टर रागावले. काकूंनी कंपाउंडरकडून शेगडी मागून आंबील कोमट केली आणि काकांना चमच्यानं पाजली. ती ठरली.

संध्याकाळी त्यांच्या तळपायांचे फोड बघून मी भडकलोच. "काकू, आजचा दिवस तरी नाव घ्यायचं होतं!"

"आज?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "आज रं कसं घेऊ? आज तर त्यांचं समदं काट्यावर व्हतं."

मी खोबरेलाची वाटी घेऊन त्यांच्या पायांशी बसलो.

काका बरे झाले. दोघं केजला परतली आणि पुढं बरीच वर्षं सुखात राहिली. मग एक दिवस काकू गेल्याचं कळलं. ताप आला आणि गेल्या, काका नव्हे, काकू. मी मुद्दाम केजला गेलो. काका ओट्यावर बसले होते. अंगानं ठणठणीत, दात शाबूत. माझ्या मनात आलं, ही सगळी काकूंची कमाई.

"लई जपलं रं तिनं माझं आयुष्य," काका म्हणाले. "मी किती डाव म्हनलो, अगं, घरात कुनी न्हाई, एकदा हाक मार. तर माझ्याच तोंडावर हात ठिवायची."

त्यांनी मला ओट्यावर शेजारी बसवून घेतलं.

"बापू, आता ही वर्सं मी एकट्यानं काय करू? त्यातली दोन-चार तवाच देऊन टाकली असती बघ, तिच्या तोंडून एकदा 'नारायण' ऐकायला."