चुलीचा पंचनामा

आमच्या घरात कुणी राहत नाही, हे सिद्ध करायला मी ज्या चपला झिजवल्या त्या आठवल्या की आजही माझं डोकं फिरतं. लोक घर आपलं आहे हे सिद्ध करायला पालिकेत जातात. मी जात होते ते आमचं घर कुणाचंही राहतं नाही, सगळ्यांनी येऊन बघायचं आहे, हे सांगायला. आणि कुणी ऐकायला तयार नव्हतं.

घर म्हणजे फार मोठं काही नाही. सोनिवलीच्या पुढे आमचं गाव आहे. आता चहूबाजूंनी टॉवर उठलेत, मध्ये आमचं कुडाचं घर. कुडाचं म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या विणायच्या, वरून माती आणि शेण लिंपायचं, झाली भिंत. वर नळीची कौलं, खाली सारवलेली जमीन. माझा जन्म तिथलाच. दादूसने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, पुढे बंगला बांधला आणि हे घर मागे राहिलं. मी लग्न होऊन मांजर्लीला फ्लॅटमध्ये गेले.

ज्या वर्षी मांजर्लीत आमच्या तळमजल्यात नदी शिरली, त्या वर्षी मला अक्कल आली. जन्माची कमाई सिमेंटमध्ये घातली होती, ती कमरेएवढ्या पाण्यात. आणि शेणामातीचं ते घर उंचवट्यावर कोरडं ठणठणीत. मी ओल्या साडीत तिथे जाऊन बसले आणि मला रडू फुटलं. पूर ओसरला, पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो गेला नाही. हे घर मी मरू देणार नव्हते.

म्हणून आम्ही त्याचं संग्रहालय केलं. माळ्यावरचं सगळं खाली काढलं. भाताची कणगी, जातं, उखळ, पावसात शेतावर जाताना डोक्यापाठीवर घ्यायचं पानांचं इरलं. माझ्या मामांचं मिठागर होतं, तिथली मीठ ओढायची लाकडी फावडी आली. हळदीची गाणी म्हणणाऱ्या आत्याची लुगडी आली. संस्था नोंदवली, दारावर पाटी लावली, तिकीट ठेवलं नाही. शाळेची पोरं यायला लागली. एका पोराने तर जात्याकडे बघून विचारलं, याचा चार्जर कुठे आहे? हसून हसून पोट दुखलं. पण त्याच्या हाताने मी पसाभर तांदूळ दळून घेतले, तेव्हाच त्याला सोडलं.

आणि मग त्या पाटीनेच घात केला.

गाव पालिकेच्या हद्दीत गेलं होतं, नवी कर आकारणी आली. दारावर पाटी दिसली म्हणून घर गेलं बिगरनिवासी खात्यात. म्हणजे दुकानाचा दर! तिकीट नाही, गल्ला नाही, विकायला मिठाचा खडा नाही, आणि दर दुकानाचा. पहिली दोन बिलं दादूसने निमूट भरली. तिसरं आलं तेव्हा तो ओट्यावर बसून मला म्हणाला, "बाय, मी आता नाय भरनार. बिल्डर रोज दारात उभा हाय. दिवाळीपर्यंत तुजी करमाफी झाली त ठेव तुजा घर. नाय झाली त मी सही करनार. मंग रडाचं नाय."

त्याचा राग येत होता, पण तो वाईट नव्हता. दर वर्षी कौलं चाळायला माणसं त्यानेच आणली होती. मी म्हटलं, "रडतं कोण? तू सहीचं पेन लपवून ठेव."

नियम साधा होता. लोकांसाठी फुकट खुलं असलेलं आणि कुणाचं राहतं नसलेलं असं घर असेल तर माफी मिळू शकत होती. मी अर्ज केला. पाहणीला माणूस येणार असं कळलं. मी वहिनीला सांगितलं, घर लखलखीत कर. तिने आदल्या दिवशी सारवून घेतलं, दारात रांगोळी घातली.

करनिरीक्षक आला तो भर बाराच्या उन्हात. शिडशिडीत, सभ्य माणूस, हातात हेल्मेट, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. त्याने कणगी पाहिली, इरलं डोक्यावर घेऊन स्वतःचा फोटोही काढला. सगळं छान चाललं होतं. आणि मग आम्ही माती खाल्ली.

आमच्याकडे दुपारी दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय परत जात नाही. मग तो वायरमन असो नाहीतर भांडायला आलेला भाऊबंद असो. भाऊबंद असला तर आधी जेवण, भांडण जेवल्यावर. असं असताना पाहणीला आलेला पाहुणा उपाशी कसा धाडायचा? बंगल्यातला गॅस नेमका संपलेला. वहिनी म्हणाली, "हितंच टाकते दोन भाकऱ्या, कितीसा येळ लागतंय." आणि तिने संग्रहालयातली चूल पेटवली. मी बघत होते. मी काय केलं? लाकडं पुढे सरकवली!

तांदळाच्या भाकऱ्या, कांदा घालून परतलेली सुकट, वर कैरीची फोड. तो माणूस बोटं चाटून जेवला. म्हणाला, "ताई, आईच्या हातची आठवण झाली." मी मनात म्हटलं, झालं काम.

काम झालंच होतं. अहवालात त्याने लिहिलं की सदर घरात चूल पेटती असून स्वयंपाक व जेवण होत असल्याचे समक्ष पाहिले, सबब वापर निवासी. माफी नामंजूर.

समक्ष पाहिले! ताटात वाढून घेतलं, तिसरी भाकरी मागून घेतली, आणि म्हणे समक्ष पाहिले! खाल्ल्या मिठाला जागला नाही मेला, असं मी आठ गावं ऐकतील एवढ्या आवाजात म्हटलं. वहिनी बिचारी पदराने डोळे पुसत बसली होती. तिला वाटत होतं, तिच्यामुळेच घर गेलं. दादूस तेवढा हसत होता. "घाल, अजून घाल भाकऱ्या."

मी निकालाचा कागद घेऊन तडक पालिकेत गेले. टेबलावरच्या बाबूला विचारलं, "निवासी आहे म्हणता ना? मग निवासी दर लावा." तो म्हणाला, "पाटी आहे ना मॅडम, म्हणून दर बिगरनिवासी. आणि स्वयंपाक होतो, म्हणून माफी नाही." म्हणजे राहतोय म्हणून माफी नाही, आणि राहत नाही म्हणून दुकानाचा दर. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी. मग त्याने आवाज खाली घेऊन सल्ला दिला. "चूल काढून टाका ना. पुन्हा पाहणी लावतो. विषय खतम."

मी चूल काढली नाही, पण विझवली. वर फळी टाकली, दार लावून घेतलं. वहिनीला ताकीद दिली की आत पाणीसुद्धा तापवायचं नाही. पावसाळाभर घर तसंच थंड राहिलं. मला वाटलं, काही महिन्यांचा तर प्रश्न आहे, नियमाप्रमाणे वागावं.

भाद्रपद सरता सरता दार उघडलं. भिंतींवर हिरवट बुरशी. कोपऱ्यातला कूड ओल धरून फुगलेला. आणि कणगीवर, जात्यावर, आत्याच्या लुगड्यांवर पिठासारखा पिवळा भुसा. वर पाहिलं तर आढ्याच्या बांबूंना भोकंच भोकं. भुंगा लागला होता. लहानपणी आम्ही धुराने डोळे चोळत आईला शिव्या घालायचो, त्या धुरावरच हे घर इतकी वर्षं उभं होतं. धूर बंद झाला आणि एका पावसाळ्यात घर पोखरलं गेलं. पालिकेच्या नियमात बसवायला म्हणून मीच माझ्या हाताने त्याचा श्वास कोंडला होता.

दादूसही माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याने बांबूला बोट लावलं, बोट आत गेलं. दिवाळी तोंडावर आली होती.

मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये कापडाच्या दुकानात ऐन उमेदीची वर्षं काढली आहेत. आमचे सिंधी शेठ उधारीवाल्याच्या दारात जाऊन बसायचे. भांडायचे नाहीत, नुसते बसायचे. मला म्हणायचे, "बेटा, जो बैठा रहता है ना, उसीका काम होता है." मी तेच करायचं ठरवलं. तो भुसा एका जुन्या धडप्यात बांधला आणि मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला होते. दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर. शिपाई म्हणाला, "मावशी, उद्या या." मी म्हटलं, "उद्या येतेच आहे, आजचं काय ते बोल." मग तो मला चहा द्यायला लागला. पुढे कळलं की साहेबांची बदली झाली आणि त्या जागी बाई आल्या. माझ्याहून पुष्कळच लहान. मला आत बोलावलं ते कदाचित बाकावरची ही बाई कोण, या कुतूहलानेच.

मी अर्ज काढला नाही. धडपं सोडलं आणि तो भुसा त्यांच्या काचेच्या टेबलावर ओतला.

"हे काय आहे?" त्या दचकून मागे सरकल्या.

"हे माझं घर आहे मॅडम. तुमच्या नियमाने चूल विझवली, त्याचं हे झालंय. मला चूल लपवून माफी नको. चूल पेटणार. रोज पेटणार. संग्रहालयात काचेची कपाटं असतात, त्यांना पुसायला माणूस लागतो की नाही? तसं या घराला धूर लागतो. आता तुम्ही येऊन बघा आणि काय लिहायचं ते लिहा. पण मी खोटं घर दाखवणार नाही."

माझा आवाज चढला होता. त्यांनी बोटाने भुसा उचलून चोळून पाहिला. म्हणाल्या, "येते. पण जेवणार नाही हं."

म्हणजे तो किस्सा त्यांच्यापर्यंत पोचला होता तर!

त्या आल्या त्याही दुपारीच. दादूस त्या दिवशी मुद्दाम घरी थांबला होता. माझ्या बाजूने की निकाल ऐकायला, मला ठाऊक नव्हतं. मी चूल पेटवायला बसले, पण लाकडं ओली, नुसता धूर. डोळ्यांतून पाणी, खोकला, काही केल्या जाळ धरेना. आणि दादूस उठला. "सर बाजूला," मला म्हणाला, फुंकणी माझ्या हातातून घेतली आणि गुडघ्यांवर बसून फुंकायला लागला. पोट सुटलेला, सोन्याची चेन लोंबणारा माझा भाऊ, चुलीपुढे लहानपणी बसायचा तसा. जाळ धरला. धूर आढ्यापर्यंत चढला, कौलांच्या फटींतून बाहेर पडला. बाई मान वर करून बघत राहिल्या, मग फुगलेल्या कुडावर हात फिरवून आल्या.

वहिनीचा जीव मात्र खालीवर. दुपारचा माणूस उपाशी जाणार! तिने अडखळत विचारलंच. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडचं खाल्लं तर उद्या म्हणतील खाऊन सही केली." मग त्यांनी ड्रायव्हरला गाडीतला स्वतःचा डबा आणायला सांगितलं, आणि तिथेच सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसल्या. एक घास खाल्ला आणि वहिनीकडे वळल्या. "चिमूटभर मीठ द्याल? भाजी अळणी आहे."

वहिनीने मामांच्या मिठागरातलं, बरणीत जपून ठेवलेलं खडे मीठ दिलं. आमच्याकडचं त्यांनी खाल्लं ते तेवढंच.

आदेश आला. घरपट्टी माफ, पण त्या दिवसापासून पुढे. आधी भरलेलं परत नाही. चुलीबद्दल लिहिलं होतं की ती जतनासाठी व पारंपरिक स्वयंपाकाच्या प्रात्यक्षिकासाठी पेटवण्यास हरकत नाही, मात्र रात्री मुक्काम करू नये. मी तो कागद वाचून दाखवला तेव्हा वहिनी ढसाढसा रडली. मीही रडले. का नाही रडायचं? सडलेले बांबू काढून नवे घातले, कूड पुन्हा लिंपला, आणि दुसऱ्या दिवसापासून चूल सुरू. आता दादूसही दुपारी बंगल्यातून मागे येतो आणि विचारतो, "आज प्रात्यक्षिकाला काय हाय?"

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बिल्डरचा माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. वेळ दुपारची. आम्ही तिघं चुलीपुढेच होतो. "दादा, फिर साइन कर लें?" त्याने उभ्याउभ्याच विचारलं. मी दादूसकडे बघितलं. आदेश झाला तरी सही त्याचीच होती, आणि मी बहीण असले तरी सातबारावर माझं नाव नव्हतं.

दादूसने पाट सरकवला. "पयले जेव."

"अरे नहीं दादा, जल्दी है."

"आमच्याकडं बोलनं जेवल्यावर. बस."

तो बसला. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी घेतली, बोंबलाच्या रश्शात बोटं बुडवली. दादूसने स्वतः त्याच्या हातावर पाणी घातलं, पुसायला पंचा दिला. आणि मग शांतपणे म्हणाला, "आता ऐक. ह्या घर द्याचा नाय."

त्या माणसाने चुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फाइल काखेत परत मारली. दारातून वळून म्हणाला, "भाकरी एक नंबर थी, भाभी."

"परत ये जेवायला," दादूस म्हणाला. "पन फाइल घेऊन येव नको."