बिनचूक बाईंची सहा मिनिटं

सत्तावीस वर्षांत एकही चूक न केलेल्या माणसाशेजारी बसून काम करणं किती अवघड असतं, ते रक्तपेढीतल्या लोकांना विचारावं. बाईंना सगळे 'बिनचूक बाई' म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठीमागे पूर्ण नाव. बाईंना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

पेढी म्हणजे हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली. एका भिंतीला पाच मोठे फ्रीज, दिवसभर घरघरणारे. खिडकीशी बाईंचं टेबल, त्यावर संगणक, टेलिफोन आणि टोक काढून ठेवलेल्या चार पेन्सिली. समोरच्या टेबलावर एक तंत्रज्ञ बसायचे. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी सोडलं तर कोणाला आठवत नसे, कारण सगळे त्यांना 'बरोबर' म्हणत. त्यामागे पेढीचा एक नियम होता. दोन आवाजांशिवाय रक्ताची पिशवी खोलीबाहेर जायची नाही. एकाने पिशवीवरचा नंबर आणि गट मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने कागदाशी ताडून 'बरोबर' म्हणायचं. बाई वाचायच्या, ते म्हणायचे. एकोणीस वर्षं हेच. घरी बायको काहीही बोलली तरी त्यांच्या तोंडून 'बरोबर'च निघतं आणि म्हणूनच त्यांचा संसार सुखाचा झाला, असं बाई म्हणत.

पण बाईंचा खरा जीव होता तो यादीत. शंभरात नाही, हजारातही नाही, इतक्या क्वचित सापडणाऱ्या रक्तगटांच्या माणसांची ही यादी. दोनशे चौदा नावं. प्रत्येक नाव बाईंनी स्वतः मिळवलेलं. कोणाच्या घरी दोन-दोनदा जाऊन, कोणाची समजूत काढून, तर कोणाच्या आईच्या शंकाकुशंकांना उत्तरं देऊन. आणि प्रत्येकाला त्यांनी शब्द दिला होता, "तुमचा नंबर या खोलीबाहेर जाणार नाही. फोन आला तर माझाच येईल." यादीत एक रखवालदार होता. तो म्हणायचा, "बाई, तुमचा आवाज ऐकला की मी विचारत नाही कशाला. चपला घालतो आणि निघतो." तसा तो चार वेळा निघाला होता आणि चार माणसं आज चालती-फिरती होती.

पूर्वी ही यादी वहीत असे. मग संगणकात गेली आणि तिच्यासोबत संगणक विभागातला एक उंच, किडकिडीत माणूस बाईंच्या आयुष्यात आला. त्याला सगळे 'कुलूप' म्हणत. दर महिन्याला तो खोल्याखोल्यांतून फिरायचा, अनोळखी मेल उघडू नका, कुठेही पासवर्ड टाकू नका म्हणून कानीकपाळी ओरडायचा आणि प्रत्येक संगणकावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवून जायचा. 'थांबा, बघा, मग दाबा.' बाईंनी त्यांच्या चिठ्ठीवर कॅलेंडर टांगलं होतं. असल्या सूचना धांदरट लोकांसाठी असतात, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

धांदरटांचं उदाहरणही होतं. खाली भांडारात एक कारकून होते. गेल्या वर्षी त्यांनी कसल्याशा बक्षिसाच्या मेलवर बोट दाबलं आणि भांडाराचे सगळे संगणक आठवडाभर आडवे झाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं नाव 'क्लिकराव' पडलं. नाव इतकं चपखल होतं की शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. ते बिचारे तेव्हापासून जेवायच्या खोलीत यायचे बंद झाले, डबा भांडारातच खायचे. ते नाव ठेवलं होतं बाईंनी.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास 'बरोबर' चहा आणायला खाली गेले. बाई एकट्याच होत्या. संगणकावर मेल आला. वर ओळखीच्या दुसऱ्या एका हॉस्पिटलचं नाव. 'तातडीचे. आपल्या पेढीने दिलेल्या पिशवीवर रक्तगट चुकीचा आढळला. रुग्ण गंभीर. अहवाल पाहण्यासाठी येथे दाबा.'

बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

बक्षिसाचा मेल असता तर त्यांनी नाक मुरडून तो उडवला असता. पैशांचा असता तरी ढुंकून पाहिलं नसतं. पण चुकलेला रक्तगट? ज्या एका गोष्टीला त्या सत्तावीस वर्षं भीत आल्या होत्या, नेमकी तीच कोणीतरी ताटात वाढून पुढे ठेवली होती. पाच मिनिटं थांबल्या असत्या तर 'बरोबर' आले असते, बाईंनी मेल मोठ्याने वाचला असता, त्यांनी कागदाशी ताडून पाहिलं असतं. पण बाईंना तेच नको होतं. आपली चूक दुसऱ्या कोणी बघण्याआधी आपण एकट्याने बघावी, एवढंच त्या क्षणी त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी दाबलं.

एक पान उघडलं. नाव आणि पासवर्ड मागितला. बाईंनी दिला. एक चक्र गरगर फिरलं, फिरलं, आणि मग पेढीचं रोजचंच पान समोर आलं. अहवाल नाही, काही नाही. घड्याळात अकरा वाजून चौदा मिनिटं झाली होती.

बाईंनी मेल पुन्हा वाचला. त्यात पिशवीचा नंबर दिला होता. त्यांनी नोंदवही ओढली, बोट ठेवून नंबर शोधू लागल्या आणि बोट जागच्या जागी थांबलं. नंबरात सात आकडे होते. पेढीच्या नंबरात आठ असतात. आजवर कधी सात नव्हते. हातभर अंतरावरून एक आकडा पुढेमागे झालेला ओळखणाऱ्या बाईंनी अख्खा आकडा गायब असलेला पाहिला नव्हता.

त्यांनी नोंदवही मिटली. कुलूप महिन्यामहिन्याला काय सांगत होता ते आता शब्दन् शब्द आठवायला लागलं. बाईंचा पासवर्ड कोणाच्या तरी हातात गेला होता, आणि त्या पासवर्डने पेढीचं सगळं उघडत होतं. यादीसुद्धा.

इथून पुढची सहा मिनिटं बाईंनी जे केलं ते त्यांना शोभणारं नव्हतं. आधी त्यांनी मेल पुसून टाकला. मग वाटलं, गप्प बसावं. काही होणारही नाही कदाचित. झालंच तर कोणाला कळणार, कोणामुळे? निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. निरोपाच्या दिवशी लोक काय बोलणार, हे बाईंनी मनातल्या मनात कितीदा ऐकलं होतं. आता त्याऐवजी दुसरंच ऐकू येत होतं. जेवायच्या खोलीतली खसखस. 'क्लिकबाई.' नाव ठेवायची कला त्यांनीच सगळ्यांना शिकवली होती.

'बरोबर' दोन कप घेऊन आले. बाईंचा चेहरा बघून म्हणाले, "काय हो बाई, बरं नाही का?"

"काही नाही. जरा डोकं दुखतंय."

एकोणीस वर्षांत बाई त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलल्या. त्यांनी भाबडेपणाने मान डोलावली आणि कप पुढे सरकवला. बाईंनी कप तसाच बाजूला ठेवला. कारण आता त्यांना तो रखवालदार दिसायला लागला होता. त्याचा फोन वाजतोय. पलीकडे कोणीतरी गोड आवाजात म्हणतंय, रक्तपेढीतून बोलतोय. आणि तो चपला घालतोय. एकदा फसेल, दोनदा फसेल, मग फोन उचलणंच सोडून देईल. तो आणि बाकीचे दोनशे तेराही. आणि मग एखाद्या दिवशी बाई खरंच फोन करतील, ऑपरेशनच्या टेबलावर माणूस पडलेला असेल, आणि घंटा नुसती वाजत राहील.

बाईंनी टेलिफोन उचलला.

"संगणक विभाग."

"मी पेढीतून बोलतेय." बाईंना आपलाच आवाज परका वाटला. पण त्यांनी तो चढवला. पिशवीवरचा नंबर वाचावा तसं त्या मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "माझ्या हातून चूक झालीय. अकरा चौदाला मी एका खोट्या मेलवर दाबलं आणि पासवर्ड दिला. मग मेल पुसला. आता अकरा वीस झालेत."

समोरच्या टेबलावर कप आदळला. 'बरोबर' उभे राहिले होते.

पलीकडून कुलूप शांतपणे म्हणाला, "बाई, संगणकाला हात लावू नका. बंदही करू नका. आधी इथून तुमचं खातं बंद करतो, मग येतो."

तो जिने चढत आला तेव्हा धापा टाकत होता. बाईंना वाटलं होतं, आधी तो भाषण देईल. त्याने फक्त खुर्ची मागितली. मग तासभर तो बाईंच्या जागेवर बसून खटाखट काहीतरी करत राहिला, मध्येच फोनवर कोणाला तरी आकडे सांगत राहिला, आणि बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. शाळेत अंगठे धरून उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती राहिलेली शिक्षा आता भरून निघाली. 'बरोबर' त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, चूक माझीही आहे. मी रांगेत गप्पा मारत बसलो." हे अर्थातच बरोबर नव्हतं, पण बाईंना रडू येईल इतकं बरं वाटलं.

शेवटी कुलूप खुर्चीतच वळला.

"अकरा एकतीसला बाहेरून कोणीतरी तुमच्या नावाने आत शिरायला बघत होतं. तीन वेळा प्रयत्न केला."

"आणि?"

"तुमचं खातं मी अकरा बावीसला बंद केलं होतं. त्याआधी कोणी आलेलं नाही, ते तपासलंय. दार बंद बघून गेला परत."

"यादी?"

"एकही नाव गेलेलं नाही, बाई. एकही नाही. असाच मेल अजून चौघांना आलाय. तुमचा फोन आला म्हणून सगळीकडे विचारलं, तेव्हा दोघं म्हणाले, हो, आम्हीही दाबलं. सकाळी नऊपासून मूग गिळून बसले होते. नशीब, त्यांच्याकडे यादी नव्हती."

बाईंचा जीव भांड्यात पडला. इतका जोरात पडला की त्यांनी चारचौघांत डोळ्यांना पदर लावला आणि लपवायची तसदीही घेतली नाही. कुलूप अवघडून उठला, कॅलेंडर जरा बाजूला सरकवून मागची पिवळी चिठ्ठी पाहिली, आणि कॅलेंडर परत नीट केलं. त्यासाठी बाईंनी त्याला पुढचे शंभर अपराध तिथल्या तिथे माफ केले.

दुपारी लेखी निवेदन द्यायचं होतं. 'माझ्या हातून चूक झाली' हे वाक्य बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कागदावर लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. मग त्या जिना उतरून भांडारात गेल्या. कारकून डबा उघडून बसले होते.

"तुमचं ते नाव... ते मी ठेवलं होतं," बाई दारातूनच म्हणाल्या. "सांगायला आलेय. माफी मागायलाही."

कारकुनांनी घास खाली ठेवला. "मला माहीत होतं. इतकं मोजून-मापून नाव इथे दुसरं कोण ठेवणार?" मग म्हणाले, "मी दोन दिवस सांगितलं नव्हतं, बाई. म्हणून सगळं आडवं झालं. तुम्ही किती वेळ लावलात?"

"सहा मिनिटं."

"मग तुम्हाला नाव पडायचं नाही," ते म्हणाले आणि हसले. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना हाताला धरून जेवायच्या खोलीत नेऊन बसवलं, आणि कोणी 'क्लिकराव' म्हणालं की स्वतःकडे बोट दाखवून "कोण, मी?" असं विचारायला सुरुवात केली. चार दिवसांत ते नाव मेलं.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा नवरा स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसला होता. तो बसचालक होता. सहा वर्षांपूर्वी कंबरेने दगा दिला म्हणून त्याने मुदतीआधीच नोकरी सोडली होती. बाईंनी पर्स ठेवली, समोर बसल्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मेल पुसल्याचं, डोकं दुखतंय म्हटल्याचं, पदर डोळ्यांना लावल्याचंही.

नवरा ऐकत राहिला. शेंग हातात तशीच. मग म्हणाला, "अगं, माझ्या कंबरेला काही झालं नव्हतं."

"म्हणजे?"

"भर दुपारी गाडी चालवताना डोळा लागला. एक क्षणच. गाडी फुटपाथवर चढली, दिव्याचा खांब वाकला. कोणाला खरचटलंही नाही. पण आगारप्रमुख म्हणाले, स्वतःहून सोडलीस तर कागदावर काही लिहिणार नाही. सोडली."

बाईंनी पर्समधून नाही, थेट त्याच्या कंबरेकडे पाहिलं. सहा वर्षं रोज संध्याकाळी त्या या माणसाच्या कंबरेला मलम चोळत होत्या.

"मग रोज 'आई गं' म्हणून कण्हत होतात, ते काय नाटक?"

"छे. तू चोळतेसच एवढ्या जोरात."

बाईंना हसू फुटलं. आवरेना. हसता हसताच त्यांनी विचारलं, "अहो, पण सहा वर्षं? मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

नवऱ्याने शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले. "कसं सांगणार? तुझं कधी काही चुकतच नव्हतं."

बाईंचं हसू थांबलं. सत्तावीस वर्षं जो मान त्या मिरवत आल्या होत्या, तो या स्वयंपाकघरात कोणाला किती महागात पडला होता, ते त्यांना आता कळलं. त्यांनी खुर्ची उचलून नवऱ्याशेजारी ठेवली आणि भांडं आपल्याकडे ओढून घेतलं.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा. गाडी कुठल्या वळणावर होती?"

आणि नवरा सांगायला लागला.