रविवारची केबल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या बाबाला म्हणजे समीरला नाही, तुमच्या आईला नाही, शेजारच्या गुजराती बांना तर नाहीच — त्यांना सांगितलं असतं तर एव्हाना अख्ख्या सिल्वासाला कळलं असतं. ईरा, आदित्य, तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. पण ईरा, आधी तू वाच.

तुम्हाला ठाऊक आहे, तुमची आजी व्यवस्थित बाई आहे. डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या, चार्जरच्या वायरींना चिठ्ठ्या. शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि वहीत समास नसला तर वही परत केली. आजोबांचं उलटं. जमीनमोजणीच्या कामाला ते पार सुरंगीच्या रानापर्यंत जायचे, इंचाइंचाची मापं घ्यायचे, आणि घरी आले की चष्मा कुठे, किल्ली कुठे, कशाचा पत्ता नाही. फक्त एक गोष्ट त्यांनी नीट ठेवली होती. तुम्ही परदेशातून सुट्टीत यायचात तेव्हाचे व्हिडिओ. सगळे एका काळ्या हार्ड डिस्कमध्ये — दुसरी प्रत कुठेच नव्हती.

त्या व्हिडिओंत ते स्वतः दिसत नाहीत. त्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. आणि कधीकधी कोपऱ्यात अंगठा.

ते गेले. त्यानंतर मी ती डिस्क कॉम्प्युटरला लावली, तर दिसेचना. निळा दिवा लागत होता, आत काहीतरी गुरगुरत होतं, पण पडद्यावर नाव येत नव्हतं. हे खरं होतं. इथपर्यंत सगळं खरंच आहे.

मी समीरला फोन केला, तो कामात होता. म्हणाला, ईराला विचार, तिला कळतं त्यातलं. आणि ईरा, तू फोनवर आलीस. तुमची शनिवारची रात्र, माझी रविवारची सकाळ. मसाटच्या कारखान्यांच्या बस त्या दिवशी नसतात, रस्ता शांत असतो. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायचे, तुला पडदा दिसेल असा. तू सांगायचीस, दुसऱ्या पोर्टमध्ये लाव. मागच्या पोर्टमध्ये लाव. ती डिस्कची यादी उघड, तिथे तरी दिसते का बघ. रीस्टार्ट कर.

"आजी, रीस्टार्ट म्हणाले मी! तू बंदच केलास!"

"अगं, खालचं बटण दाबलं गेलं."

"टीचर ना तू? मग लिहिलेलं वाच की!"

आमचा कॉम्प्युटर म्हातारा. सुरू व्हायला वेळ घ्यायचा. आणि तेवढ्या वेळात तू बोलायचीस — कुणाशी भांडलीस, कुठला मुलगा बावळट आहे, बर्फात बूट कसा रुतला. मध्येच विचारायचीस, आजी, तू शाळेत कशी होतीस गं? मला हे कधी कुणी विचारलं होतं? त्याआधीचे आपले फोन आठवतात का? जेवलात का, पाऊस आहे का, ठेवू का. ठेवू का — हे मी नव्हते म्हणत.

कसं सांगू पुढचं?

एका बुधवारी आजोबांचा खण आवरताना दुसरी केबल सापडली. तशीच, रुंद चपट्या तोंडाची. सहज लावून पाहिली. डिस्क दिसली. लगेच. आतले सगळे फोल्डर जागच्या जागी, त्यांनी दिलेल्या नावांसकट. बिघडली होती ती नुसती केबल.

मी दारं लावून घेतली आणि तो आवाज ऐकत बसले. तेव्हाच तुला फोन करायला हवा होता ना? मी केला नाही. म्हटलं, रविवारी सांगू, ती किती उड्या मारेल. मग रविवार आला. आणि फोन वाजायच्या आधी मी चांगली केबल काढली आणि खराब केबल लावली.

का लावली, माहीत आहे? खोटं बोलायला लागू नये म्हणून. तू विचारशील, दिसते का? मी म्हणेन, नाही गं. आणि ती खरंच दिसत नसेल. तू विचारलंस, केबल बदलून पाहिलीस? मी म्हटलं, पाहिली. तेही खरंच होतं! अशा हिशेबाने मी स्वतःला खरी ठरवत राहिले. आठवडाभर ते व्हिडिओतून माझ्याशी बोलायचे, रविवारी तू. मला दोघंही मिळत होतात. तुम्हाला मात्र आजोबा मिळत नव्हते, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

पडद्यावर येणारा शब्दन् शब्द मला वाचता येत होता. तरी मी मुद्दाम चुकीच्या जागी दाबायचे. म्हणजे परत रीस्टार्ट.

मग तू ती फ्रीझरची गोष्ट आणलीस.

"हसू नकोस हं आजी. एकाने लिहिलंय, डिस्क पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवायची. आतलं अडकलेलं सुटतं म्हणे."

"मटारांशेजारी ठेवू?"

"ठेव. फक्त उसळ करू नकोस."

किती हसलो आपण. मी फोन घेऊन फ्रीजपाशी गेले, तुझ्यासमोर पिशवी आत ठेवली, दार लावलं. त्या पिशवीत डिस्क नव्हती, ईरा. डिस्कचं रिकामं खोकं होतं. चांगल्या डिस्कचं वाटोळं कशाला करायचं? तेवढी अक्कल मला होती.

पुढच्या रविवारी मी खराब केबल लावली. अर्थात दिसली नाही. तेवढ्यात तुझ्यामागून समीर आला, त्याने विचारलं काय चाललंय, आणि तू उत्साहाने सगळं सांगितलंस. त्याचा चेहरा पडला.

"फ्रीझरमध्ये? अगं, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं आत! संपली ती. बाबांचं सगळं होतं त्यात, ईरा. सगळं!"

तू त्याच्याकडे नाही बघितलंस. माझ्याकडे बघितलंस — मी काहीतरी म्हणेन म्हणून. चांगली केबल माझ्या मांडीवर होती, पदराखाली. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "जाऊ दे रे समीर, लहान आहे ती. चुकतं एखाद्याचं."

हे सांगायचं होतं. एवढ्यासाठीच एवढं फिरून आले. खोटं बोलले, ते एक. पण तू न केलेल्या चुकीबद्दल मी तुला माफ केलं — सगळ्यांसमोर, मोठ्या मनाने. समीर म्हणाला, बघ, आजी किती चांगली आहे. आणि मी मान हलवली.

मला कशाची भीती वाटली? पकडले जाईन याची, हो. पण त्याहून, रविवार जाईल याची. आणि रविवार तर गेलाच. त्यानंतर तू फोनवर समीरच्या मागून हात हलवायला लागलीस. हाय आजी, बाय आजी.

आदित्य, "ताईने आजोबांची कुल्फी केली" हा तुझा विनोद अजून चालतो. तुझा काही दोष नाही, तुला जे सांगितलं गेलं त्यावर तू केलास. सगळे हसतात. मीही हसले आहे. दर वेळी.

ईरा, गेल्या खेपेला तू इथे आलीस — केवढी मोठी झालीस — आणि मी माझा फोन तुझ्यापुढे धरला, की बघ गं, आवाज का येत नाही याचा. तू दोन्ही हात मागे घेतलेस. "नको आजी. माझ्या हातून बिघडेल." मी फोन परत घेतला. डिस्क पलीकडच्या कपाटात होती.

तू काहीही बिघडवलं नाहीस. ना डिस्क, ना दुसरं काही. समीरलाही आजच वेगळं लिहिते आहे. हे तुझ्या तोंडून त्याला कळायला नको.

डिस्क या पाकिटात आहे, चांगल्या केबलसकट. खराब केबल माझ्याकडे राहील. तिला मी कधी चिठ्ठी लावली नाही.

लावलीस की निळा दिवा लागेल आणि फोल्डर दिसतील. त्यात 'दुधनी' नावाचा एक आहे. तुम्ही दुधनीच्या तलावात नावेत बसला आहात, तू असशील पाचेक वर्षांची. आजोबांचा नवा चष्मा तू खेळायला घेतलास आणि तो तलावात पडला. चित्र एकदम वेडंवाकडं हलतं, नुसतं पाणी दिसतं, तू रडायला लागतेस. त्या चष्म्यावरून मी त्यांना किती बोलले होते! निष्काळजी म्हटलं, वेंधळे म्हटलं. ते हसत राहिले, खरं काय ते कधी सांगितलं नाही. व्हिडिओत त्यांचा आवाज आहे, अगदी हळू. "शू... रडू नकोस. आजीला सांगू, माझ्याच हातून पडला. तू काही नाही केलंस, बेटा."

हा व्हिडिओ मी त्या रविवारच्या आधी पाहिलेला होता.