दाजींचा पॅकिंगचा कागद

खोक्यातली वस्तू बाजूला ठेवून खोक्यावर जीव टाकणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच असावा, आणि तो माझ्या नशिबाने माझ्याच नात्यात आला. माझ्या मावसबहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी. मी पोस्टडॉक म्हणून सिंगापूरला गेलो, बुओना व्हिस्टाला एका फ्लॅटमधली खोली भाड्याने घेतली, आणि पाच वर्षं दर रविवारी एमआरटीच्या मेट्रोने अर्धं बेट ओलांडून बेडोकला ताईच्या हातचं जेवायला जात राहिलो. स्वयंपाक ताईचा असे, पण रविवार दाजींचा. दाजी जुरोंग ईस्टच्या एका कंपनीत पॅकेजिंगचे इंजिनियर. "मी खोकी करतो," एवढीच ते स्वतःची ओळख करून देत आणि समोरच्याची पंचाईत करून ठेवत. ताईच्या वाढदिवसाला मी एकदा घड्याळ नेलं. तिने ते मनगटावर चढवेपर्यंत दाजींनी खोक्याच्या सगळ्या घड्या उलगडून ते टेबलावर सपाट पसरलंसुद्धा होतं. "अरे, गोंदाचा एक थेंब नाही! सगळं घडीवर उभं आहे!" त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी होतं. त्यांची लेक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "पपा, इट्स जस्ट अ बॉक्स लाह." दाजींनी बोट वर केलं आणि म्हणाले, "बॉक्स नाही गं बाई. जपान!"

हे 'जपान' म्हणजे दाजींच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर होतं. घड्याळ स्विस का असेना, मूळ जपानच. त्यामागे एक गोष्ट होती आणि ती त्यांनी मला कमीत कमी चाळीस वेळा तरी सांगितली असेल. फार पूर्वी जपानमधून युरोपात चिनी मातीची भांडी बोटीने जायला लागली. ती फुटू नयेत म्हणून जपानी व्यापाऱ्यांनी ती घरातल्या रद्दीत गुंडाळली, आणि रद्दी कसली, तर लाकडी ठशांनी छापलेली चित्रं! आपल्याकडे कॅलेंडरं असतात तशी तिथे ती घरोघर. पॅरिसमध्ये कुणा चित्रकाराने कप विकत घेतला, कागद सोडवला आणि कप विसरून कागदाकडेच बघत बसला. तोवर युरोपातल्या चित्रात राजा मधोमध, सावली एका बाजूला, आणि कोपरान् कोपरा भरलेला. आणि इथे या कागदावर होडी अर्धी कापलेली, झाडाचं खोड बिनदिक्कत समोर आडवं, रंग सपाट, पाऊस म्हणजे नुसत्या रेघा, आणि मधोमध चक्क काहीच नाही! "झालं," दाजी मांडीवर थाप मारून म्हणत, "तिथून पॅरिसवाले नाचणाऱ्या पोरी चित्राच्या कडेला अर्ध्याच काढायला लागले. मग भिंतीवरची पोस्टरं आली, पोस्टरांवरून डब्यांची लेबलं, आणि डब्यांवरून मी!" मी एकदा शहाणपणा करून म्हटलं की ही रद्दीची गोष्ट अर्धी दंतकथा आहे, असं कुठेतरी वाचलंय. दाजी क्षणभरही डगमगले नाहीत. "असेल. पण कप न फुटता पोचला की नाही?"

त्यांच्याबरोबर मॉलमध्ये जाणं म्हणजे मोठं दिव्य. एका फर्निचरच्या दुकानात ते एका लाकडी खुर्चीसमोर, देवळात उभं राहावं तसे, वीस मिनिटं उभे होते. विक्रेती मुलगी नम्रपणे म्हणाली, "अंकल, मेड इन युरोप." दाजी त्याहून नम्रपणे म्हणाले, "मेड, येस. बट थॉट? थॉट इन जपान." ती बिचारी मॅनेजरला बोलवायला गेली आणि ताई मला ओढत लिफ्टकडे निघाली. जेवायला बसल्यावरही सुटका नसे. ताईने ताट वाढलं की चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, वर मिठाची चिमूट आणि मधे मोकळी जागा, हे बघून ते खूश होत, आणि त्या मोकळ्या जागेत ताई पोळी ठेवायला गेली की कळवळत. गणपतीत तिथल्या मराठी मंडळाने एकदा भाबडेपणाने फोटो काढायचं काम त्यांच्याकडे दिलं. बक्षीस समारंभाच्या फोटोत पुढे एक भलाथोरला खांब, त्याच्या पलीकडे लांबच लांब नुसती भिंत, आणि अगदी कडेला अध्यक्षांचा हात व अर्धी शाल. "पॅरिसमध्ये हा फोटो डोक्यावर घेतला असता," दाजी म्हणाले. "आपण बेडोकच्या कम्युनिटी हॉलमध्ये आहोत," अध्यक्ष म्हणाले. पुढच्या वर्षी दाजींना प्रसादाच्या खोक्यांचं काम मिळालं. त्यात ते जास्त सुखी होते, आणि खरं सांगायचं तर खोकीही सुरेख झाली.

या सगळ्या बडबडीत एकच गोष्ट मात्र ते बोलत नसत. रविवारी संध्याकाळी दाजी एक काळी फाइल काखेत मारून मार्केटपाशी जाऊन बसत आणि चित्रं काढत. ती फाइल कुणी उघडायची नाही. "लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मला एक चित्र दाखवलं नाही या माणसानं," ताई म्हणायची. मी पाच वर्षं मागे लागलो होतो. एकदाच मोकळेपणाने बोलले. कॉलेजात असताना त्यांनी चित्रं मांडली होती, आणि बघणारे "माणूस अर्धाच का? कागद संपला का?" म्हणून हसून गेले होते. "आपण होऊन दाखवलं की लोक हसतात, नाहीतर छान आहे म्हणतात," दाजी म्हणाले. "छान आहेचं मी काय करू? कुणाला तरी ते आपसूक सापडायला हवं." इतकी वर्षं हा माणूस सापडायची वाट बघत होता, आणि फाइलीला मात्र बंद लावून ठेवत होता. मला त्यांचा राग आला आणि मायाही वाटली.

माझं काम संपलं आणि पुण्यात नोकरी मिळाली. आईसाठी मी निळ्या नक्षीचा चिनी मातीचा सेट घेतला होता. तो बांधायला दाजी स्वतः आले आणि मला चक्क खोलीबाहेर काढून दार लावून घेतलं. दोन तासांनी बाहेर आले ते खोकं चिकटपट्टीने बंद करूनच. मी शेवटचं म्हणून विचारलं, "दाजी, आता तरी फाइल दाखवा." तर म्हणाले, "तुझी बोर्डिंगची वेळ बघ आधी."

खोकं समुद्रमार्गे दीड महिन्याने पोचलं. मी कामावर होतो, आईनेच ते उघडलं. पहिल्या रविवारी दाजींचा फोन. "कप फुटले नाहीत ना?" मी म्हटलं, "एकही नाही." "बरं," म्हणाले आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या रविवारी पुन्हा कप. मी म्हटलं, दाजी, तुमच्या पॅकिंगला तोड नाही. "हो का," म्हणाले आणि फोन ताईकडे दिला. तिसऱ्या रविवारीही तेच. माणूस व्यवसायाचा किती अभिमानी, असं मी आईला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

चौथ्या रविवारी सकाळी चहाची पूड संपली म्हणून मी डबा खाली काढला, आणि फळीवरच्या कागदावर बेडोक दिसलं. बांबूंवर वाळत घातलेले कपडे खिडक्यांतून बाहेर आलेले, आणि कोपऱ्यात ते झटकणारा नुसता एक हात. मी हळदीचा डबा उचलला. खाली हॉकर सेंटरचे खाण्याचे स्टॉल, टेबल पुसणारे आजोबा कडेला अर्धे कापलेले. मी एकेक करून सगळे डबे उतरवायला लागलो तशी आई धावत आली. "अरे, काय मांडलंयस? चांगला जाड कागद होता, टाकवेना. हातानं सपाट केला आणि फळ्यांवर घातला. तिकडे पॅकिंगचा कागदसुद्धा चित्रांचा असतो, नाही?"

मी तिथूनच फोन लावला. "दाजी, कागद सापडले." पलीकडून हळूच, "चुरगळलेत का रे फार?" मी म्हटलं, आईने फळ्यांवर घातलेत. मला वाटलं वाईट वाटेल, पण ते एवढे हसले की ताई काय झालं म्हणून ओरडली. मग म्हणाले, "कुठे काय आहे, सांग ना." मी स्वयंपाकघरात उभा राहून फळीमागून फळी सांगत गेलो. चहाखाली वाळत घातलेले कपडे, हळदीखाली आजोबा, तूरडाळीखाली मार्केटातला पाऊस. दाजी प्रत्येकाला नुसतं "हं" म्हणत होते. शेवटी मिठाची बरणी उचलली. खाली ताईचं जेवणाचं टेबल, जवळजवळ सगळं मोकळं, आणि अगदी कडेला अर्धं ताट आणि एक कोपर. ते माझं होतं. "मिठाखाली मी," मी म्हटलं.

"मावशी काही म्हणाल्या का?" दाजींनी विचारलं. कॉलेजातला तो मुलगाच विचारत होता. मी फोन स्पीकरवर टाकून आईसमोर धरला. "अहो जावईबापू, ही चित्रं तुमची? मला काय ठाऊक!" आई म्हणाली. "रोज बघते मी. माणूस अर्धाच काढलाय, पण उरलेला कळतो हो."

दाजी म्हणाले, "मावशी, कागद काढू नका. डबे तेवढे जरा कडेला सरकवा."

आता आमच्या स्वयंपाकघरात एकही डबा फळीच्या मधोमध नाही. पाहुणे विचारतात आणि आई "जपान" म्हणून मोकळी होते. रविवारी पानं वाढताना मी मिठाची बरणी काढतो, तेव्हा त्या टेबलाच्या कडेला माझं कोपर दिसतं. बेडोकला माझ्या त्या खुर्चीवर आता कुणी बसत नसेल, असं वाटतं, आणि हातातली बरणी घेऊन मी थोडा वेळ तिथेच उभा राहतो.